५६के म्हणजे ५६ केबी नव्हे: जुन्या मोडेमचा वेग मोजताना या चुका टाळा

लातुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या पुतण्यानं परवा वही पुढं केली. प्रश्न होता: फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या ५६के मोडेमवर १ जीबीची फाइल उतरायला किती वेळ? “काका, पाच तास लागतेत बघा.”

मला हसायला तोंड नव्हतं. सायबर कॅफे चालवायचो तेव्हा मीही एका गिऱ्हाइकाला ४ एमबीचं गाणं सव्वा मिनिटात देतो म्हणालो होतो. पाव तास गेला आणि पैसे अर्धेच घ्यावे लागले.

चूक दोघांचीही एकच. ५६के मधले ५६ हे किलोबिट आहेत, किलोबाइट नाहीत. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ५६,००० ला ८ नं भागा, सेकंदाला ७,००० बाइट येतात. १ जीबी म्हणजे ८ अब्ज बिट, म्हणजे १,४२,८५७ सेकंद, जवळपास ३९ तास ४१ मिनिटं. आणि हे लाइन एकदाही तुटली नाही तर! पडताळा घ्यायचा असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ५६के म्हणजे तासाला २५ एमबी. उत्तर त्याच्या आठपट आलं की भागाकार राहिलाय.

१०२४ चा घोळ त्यामानानं किरकोळ. मोडेमचा किलो साधा हजाराचा, त्यामुळे ५७,३४४ धरू नका. फाइलचा आकार संगणक बहुधा १०२४ नं मोजतो, म्हणून तेच ७,००० बाइट पडद्यावर ६.८ केबी दिसतात.

खरी फसगत खोक्यावरच्या आकड्यानं होते. व्ही.९० (५६के चं एक मानक) मोडेमला ५६ चा वेग गाठायला इंटरनेट कंपनीपासून घरापर्यंत एकच डिजिटल-अॅनालॉग बदल हवा आणि तार चांगली हवी. आमच्याकडं खांबावरून आलेली तार, त्यात मृगाचा पाऊस. जोडणीचा वेग ४४ किलोबिट दिसला की मी चहा सांगायचो. ४४ ला ८ नं भागलं तर साडेपाच केबी, त्यातून पॅकेटांच्या हेडरचा (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्यासारख्या माहितीचा) वाटा गेला की हातात पाचच. म्हणून हिशेब जोडणी झालेल्या वेगावर करा. तोही नीट बघून घ्या, कारण मोडेम चालवणारी काही सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) १,१५,२०० दाखवतात. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा वेग, फोनच्या तारेचा नव्हे.

पाठवायचा वेग तर वेगळाच. व्ही.९० मध्ये तो ३३.६ वरच थांबतो. शिवाय ईमेलला जोडलेली फाइल अक्षरांत बदलताना एक तृतीयांशानं फुगते. १ एमबीचा फोटो तारेवर १.३३ एमबी होतो, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी पाच मिनिटांवर.

काही जण ८ ऐवजी १० नं भागतात. त्याला कारण आहे. संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या त्या सिरीयल केबलवर प्रत्येक अक्षराच्या ८ बिटांमागं एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट जातो. आडतीवर पोत्यातून बारदाना वजा करतात, तसाच हा प्रकार. पण व्ही.४२ एरर करेक्शन चालू असेल तर मोडेम हा बारदाना फोनच्या तारेवर चढवतच नाही, तिथं ८ च बरोबर. १० नं भागून येणारे ५,६०० अनुभवाच्या जवळ जातात खरे, पण तो निव्वळ योगायोग. या योगायोगामुळंच ही चूक टिकून आहे.

बॉडचंही तसंच. बॉड म्हणजे तारेवरचा संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो ते. फोनच्या तारेवर अशा एका बदलात अनेक बिट बसतात: २४०० चा व्ही.२२बिस मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडचा, ९६०० चा व्ही.३२ मोडेम २४०० बॉडचा. ‘१४,४०० बॉडचा मोडेम’ नावाची वस्तू नव्हती. सिरीयल केबलवर मात्र बॉड आणि बिट एकच.

ही सिरीयल केबल अजून मेलेली नाही. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली आणि पडद्यावर वजनाऐवजी कुठलीतरी अगम्य चिन्हं. केबल दोनदा बदलून झाली होती. मी इंडिकेटरची (काट्याचं वजन दाखवणाऱ्या खोक्याची) सेटिंग उघडली तर तिथं २४०० आणि सॉफ्टवेअरमध्ये ९६००. दोन्हीकडं २४०० केलं. सेकंदाला २४० अक्षरं, आणि वजनाला लागतात जेमतेम दहा. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतच होता, तेवढ्यात आकडा आला.