क्रीडा कायद्याच्या मूटमध्ये उतरण्यापूर्वी: इथे नव्याने आलेल्यांसाठी

कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी भारतातून इथे येणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी दोघे-तिघे तरी दरवर्षी आंतरराष्ट्रीय क्रीडा कायद्याच्या मूट स्पर्धेत, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करण्याच्या स्पर्धेत, नाव देतात. त्यांच्या सराव फेऱ्यांना मी लवादक म्हणून बसतो, तेव्हा विद्यार्थी असताना मी स्वतः केलेल्या चुका मला नव्या आवाजात पुन्हा ऐकू येतात. संघ कसा निवडला जातो आणि नोंदणी कशी होते हे विद्यापीठातून कळेलच, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

आपण कोणासमोर उभे आहोत, हे प्रथम डोक्यात पक्के बसले पाहिजे. या स्पर्धांतील वाद बहुधा लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयासमोर, म्हणजे ‘कॅस’समोर, चालला आहे असे गृहीत धरलेले असते. १९८४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या नावात न्यायालय असले, तरी समोर बसलेले असते ते लवाद मंडळ. म्हणून ‘माय लॉर्ड’ म्हणण्याची जिभेला लागलेली सवय पहिल्या दिवशीच सोडावी. ‘मॅडम प्रेसिडेंट’ किंवा ‘मिस्टर प्रेसिडेंट’, आणि ‘मेंबर्स ऑफ द पॅनेल’, एवढ्यावर भागते.

आता माझ्या चुकीविषयी, जिच्यामुळे आमचा संघ पहिल्याच बाद फेरीत घरी गेला. आमच्या मूट प्रॉब्लेममधील, म्हणजे स्पर्धेसाठी दिलेल्या काल्पनिक खटल्यातील, धावपटूवर उत्तेजक सेवनाबद्दल बंदी आली होती आणि क्रीडा महासंघाच्या शिस्तपालन समितीने त्याला सुनावणीची नोटीस अवघी दोन दिवस आधी दिली होती. नैसर्गिक न्यायावर, म्हणजे बाजू नीट ऐकल्याशिवाय निर्णय नको या तत्त्वावर, वाढलेल्या माझ्या मनाला हे पाहून उकळ्या फुटल्या. मी मेमोरियलची, म्हणजे लेखी युक्तिवादाची, सात पाने त्या नोटिशीवर लिहिली, आणि तोंडी युक्तिवादाच्या १५ मिनिटांपैकी सहा मिनिटेही तिथेच घालवली. मधल्या खुर्चीतील बाईंनी अतिशय सौम्यपणे विचारले, “आज आम्ही आपले संपूर्ण म्हणणे ऐकत आहोत, असे आपल्याला वाटते का?” मी उत्साहाने हो म्हणालो. “मग तिथे ऐकले नाही, याने आता काय बिघडते?” माझ्या जोडीदारिणीने कॅसच्या कार्यपद्धतीच्या संहितेतील ‘आर ५७’चे पान पुढे सरकवले, पण तोवर वेळ पाहणाऱ्याने पाच मिनिटे उरल्याची पाटी वर केली होती आणि डोपिंगचा मूळ मुद्दा मी उघडलाही नव्हता.

आर ५७ या नियमानुसार कॅसला अपिलात तथ्ये आणि कायदा या दोन्हींची नव्याने तपासणी करण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यामुळे खालच्या समितीसमोर झालेला सुनावणीतील बहुतेक दोष इथल्या संपूर्ण सुनावणीने धुऊन निघतो, असे कॅसच्या निवाड्यांत वारंवार म्हटलेले आढळते. रिट याचिकेच्या मुशीत घडलेल्या आपल्या लोकांना हे पचत नाही. आपल्याला आदेश रद्द करून घेण्याची घाई असते, आणि लवादकांना मात्र योग्य आदेश काय असायला हवा होता हे ऐकायचे असते. याचा अर्थ प्रक्रियेतील प्रत्येक दोष निरर्थक ठरतो असा मात्र नाही. नमुना घेताना किंवा प्रयोगशाळेत मानकांपासून विचलन झाले आणि त्यामुळेच निष्कर्ष प्रतिकूल आला असण्याची वाजवी शक्यता खेळाडूने दाखवली, तर तसे घडले नाही हे सिद्ध करण्याचे ओझे संघटनेवर जाते, कारण हा दोष पुराव्यालाच स्पर्श करतो. सुनावणीतील दोष आणि नमुन्यातील दोष एकाच शीर्षकाखाली ठेवणारे मेमोरियल हाती आले, की ते कोणत्या शिक्षणातून आले आहे हे मी मुखपृष्ठ न पाहता ओळखतो. हे मी प्रत्येक संघाला सांगतो आणि प्रत्येक संघातील एक जण तरी नोटिशीवर सात पाने लिहितोच.

इथल्या विद्यार्थ्यांचे वक्तृत्व आपल्यापेक्षा सरस आहे असे मला कधीच वाटले नाही, परंतु त्यांची एक सवय घेण्यासारखी आहे. ते कलमापासून सुरुवात करतात, तर आपण निवाड्यापासून. कॅसवर पूर्वीचे निवाडे सक्तीने बंधनकारक नसतात, आणि मंडळे त्यांना वजन देत असली तरी आधी महासंघाचा नियम शब्दशः वाचून घेतात. वजन जास्त भरल्याने अपात्र ठरलेल्या कुस्तीपटू विनेश फोगाटचे अपील १४ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळले गेले तेव्हा आपल्या सर्वांचा जीव हळहळला. १०० ग्रॅमच तर जास्त होते, असे आजही सराव फेरीत कोणीतरी म्हणतेच. पण तो निवाडा हळहळ बाजूला ठेवून वाचावा, म्हणजे नियमात सवलतीला जागाच ठेवलेली नसेल तेव्हा सहानुभूतीचा युक्तिवाद कुठे अडतो हे दिसेल. त्याच्या शेजारी धावपटू द्युती चंदचा २०१५ सालचा अंतरिम निवाडा ठेवावा. तिथे लढाई महिला खेळाडूंच्या नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनवर मर्यादा घालणाऱ्या नियमाच्या वैधतेशीच होती, भेदभावाचे समर्थन करण्याचे ओझे महासंघावर आले, आणि पुरावा अपुरा पडल्यामुळे नियम स्थगित झाला. आपली बाजू नियमाच्या आत लढायची आहे की नियमाशीच, हे पहिल्या आठवड्यात ठरवले नाही तर दोन्ही वक्ते दोन दिशांना जातात.

लागू कायदा कोणता, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आर ५८ प्रमाणे आधी संबंधित क्रीडा नियम, मग पक्षकारांनी निवडलेला कायदा, आणि निवड नसल्यास निर्णय देणाऱ्या महासंघाचे मुख्यालय असलेल्या देशाचा कायदा. अनेक महासंघ स्वित्झर्लंडमध्ये असल्यामुळे स्विस कायदा बहुधा दारात उभाच असतो. अपिलाची मुदत महासंघाच्या नियमांत पाहावी. तिथे काही नसेल तर ती २१ दिवसांची असते.

जुन्या संघांतील आपली मंडळी प्रेमाने जुनी मेमोरियल पाठवतात. ती मांडणीसाठी वाचावीत, त्यांतून एकही तळटीप उचलू नये, कारण त्यांतील अनेक संदर्भ त्या दादा-ताईंनीही कोणाकडून तरी उचललेले असतात आणि मूळ निवाडा कोणीच उघडलेला नसतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे ‘वाडा’ची, संहिता २०१५ ची की २०२१ ची, हे न पाहता शिक्षेचे कलम उतरवलेली मेमोरियल मी स्वतः तपासली आहेत. शिवाय आपल्याच लोकांचा एक कंपू करून सराव करू नये. आपण एकमेकांच्या चुकांना सवयीमुळे माना डोलावतो, आणि इंग्रजी किती भरधाव बोलतो आहोत हे आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात येत नाही. लवादकांपैकी निम्म्यांची मातृभाषा इंग्रजी नसते.

त्यांच्या शांततेला संमती समजू नये. इथे “इंटरेस्टिंग” हा शब्द ऐकू आला, तर वाक्य तिथेच थांबवून काय खटकले ते शोधावे. प्रश्न आला की आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे आणि मग कारण द्यावे. “मी त्या मुद्द्याकडे नंतर येणार आहे” हे उत्तर माझ्या गुणपत्रिकेवर नेहमीच महाग पडते.

मेमोरियल पाठवताना फाइलच्या गुणधर्मांत स्वतःचे नाव आणि विद्यापीठ राहिले आहे का, ते पाहावे. गुणदान निनावी असते आणि ओळख उघड झाल्यास गुण कापले जातात. अंतिम वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हे नियमावलीत वाचून संघातील एकाच व्यक्तीकडे ते काम सोपवावे, आणि ती व्यक्ती शेवटच्या रात्री तळटिपा दुरुस्त करणारी नसावी.