मुंबईबाहेर घर बघताय? आधी लाइन ठरवा, मग स्टेशन. घर सगळ्यात शेवटी

घर बघायला आपण जातो रविवारी दुपारी. लोकल रिकामी, खिडकीची सीट. बदलापूरला उतरलं की एजंट गाडी घेऊन उभाच. सहा मिनिटांत इमारतीखाली. ‘स्टेशनपासून सहा मिनिटं’ हे त्या वेळी अगदी खरं असतं. सोमवारी सकाळी साडेसातला तेच अंतर शेअर रिक्षाच्या रांगेसकट वीस-बावीस मिनिटांवर जातं, आणि पुढे दादरपर्यंत उभ्याने प्रवास.

आम्ही असं एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, “एकदा ऑफिसच्या वेळेला जाऊन येऊ या.” त्या एका फेरीत घर बाद झालं. घरात काही खोट नव्हती, उलट स्वयंपाकघराला चांगला ओटा होता, पूर्वेचं ऊन होतं. पण आम्ही निवड उलट्या टोकाकडून करत होतो. खालचा क्रम त्यानंतर सुचलेला आहे. उदाहरणं मुंबई-ठाण्याची आहेत, कारण मला तीच माहीत आहेत.

१. घरातल्या सगळ्यांचे प्रवास एका कागदावर मांडा

फक्त ‘साहेबांचं ऑफिस’ नव्हे. दोघांची ऑफिसं, मुलाची शाळा, पाळणाघर, आणि महिन्यातून चार वेळा जिथे जावंच लागतं ते आईवडिलांचं घर. मग ही सगळी ठिकाणं कुठल्या स्टेशनावर एकत्र येतात ते शोधा.

समजा ती अंधेरीला सीप्झमध्ये कामाला आहे आणि तो ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये. नकाशावर बघितलं तर पवई मधोमध दिसते. पण पवईला लोकलचं स्टेशन नाही, आणि भाव तर विचारूच नका. रुळांच्या हिशेबाने या जोडप्याचं गाव आहे ठाणे. त्याला ठाण्याहून ट्रान्स हार्बर लाइनच्या लोकलने दिघा गाव, मग ऐरोली, दोनच स्टेशनं. तिला फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि पुढे मेट्रो ३ ने दोन स्टेशनांवर सीप्झ. गाड्या तीन पकडायच्या, पण रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकणं नाही.

ठाण्यात परवडत नसेल तर पुढचे पर्याय आपोआप समोर येतात. कळव्यात घर स्वस्त, ठाणे पुढचंच स्टेशन. पण कळव्याला फास्ट थांबत नाही आणि सकाळच्या स्लोमध्ये शिरायचं म्हणजे कसरत. डोंबिवलीला फास्ट आहे, तिथून सुटणाऱ्या लोकलही आहेत, मात्र दोघांच्याही प्रवासात रोज जाता-येता वीस-पंचवीस मिनिटांची भर. ऐरोलीतच घर घेतलं तर तो चालत ऑफिसला जाईल आणि तिचा प्रवास आणखी एका गाडीने वाढेल.

इथे माझं मत स्पष्ट आहे: मुलाला शाळेतून किंवा पाळणाघरातून आणायची जबाबदारी ज्याची, त्याचा प्रवास आधी लहान करा. पाळणाघर सात-साडेसातला बंद होतं आणि तिथल्या काकू सिग्नल फेल झाल्याचं कारण आठवड्यातून एकदाच ऐकून घेतात.

२. लाइन, स्टेशन, बाजू

किलोमीटर विसरा. मध्य रेल्वेवर ठाणे सीएसएमटीपासून ३४ किलोमीटर, कल्याण सुमारे ५४. पश्चिमेला चर्चगेट ते विरार ६०. या आकड्यांवरून तुमचा दिवस कसा जाईल ते कळत नाही. स्टेशनवर उभं राहून तीन गोष्टी बघा.

पहिली, फास्ट थांबते का. दुसरी, इथून गाडी सुटते का. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, बोरिवली, भाईंदर, विरार इथून सुटणाऱ्या लोकल आहेत. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळणं आणि मधल्या स्टेशनवर चौथ्या सीटसाठी डोळे लावून उभं राहणं, यात पंधरा मिनिटांच्या जास्तीच्या प्रवासापेक्षा मोठा फरक आहे. नालासोपाऱ्याची माणसं उलटी विरारला जाऊन तीच गाडी पकडून परत येतात ती काही हौस म्हणून नाही.

तिसरी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही: गाडी चुकली तर पुढची किती वेळाने? कल्याणला लाइन फुटते. एक फाटा कर्जतकडे, दुसरा कसाऱ्याकडे. फुटल्यावर दोन्हीकडे गाड्या कमी होतात. टिटवाळा, आसनगाव, वांगणी, नेरळ इथलं स्वस्त घर खरंच स्वस्त आहे, पण तिथे आयुष्य टाइमटेबलवर चालतं. एका गाडीसाठी धावायचं आणि ती गेली की फलाटावर पंचवीस मिनिटं. पश्चिमेला विरारच्या पुढे डहाणूपर्यंत तसंच.

मग बाजू. ईस्ट की वेस्ट हा मुंबईत प्रतिष्ठेचा विषय समजतात, प्रत्यक्षात तो पुलाचा विषय आहे. शाळा पश्चिमेला आणि घर पूर्वेला असेल तर दप्तर घेतलेलं मूल घेऊन रोज दोनदा पादचारी पूल चढायचा. रिक्षावाला दुसऱ्या बाजूला यायला तयार नसतो, आणि आला तर वळसा घालून तिप्पट भाडं.

स्टेशनबाहेर पोळी-भाजी केंद्रं किती आहेत तेही मोजा. डोंबिवलीत ती पावलोपावली आहेत. संध्याकाळी साडेआठला तिथे रांग दिसली की ओळखायचं, इथली माणसं घरी पोचतात तेव्हा कुकर लावायचं त्राण उरलेलं नसतं. रांग बघून घाबरू नका. उलट ही सोय हिशेबात धरा.

३. प्रवासाला भाव लावा

‘बजेट सत्तर लाख’ असं म्हणून भागत नाही. ठाण्यात ७० लाखांचं रेडी घर घेतलं तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, ४ लाख ९० हजार. घर फक्त बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. इथेच खिशातून १९ लाखांवर गेले. अजून दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, पंखे, ग्रिल, सामान हलवणं बाकी आहे. बांधकाम चालू असलेलं घर असेल आणि किंमत ४५ लाखांच्या वर असेल, तर ५ टक्के जीएसटी वेगळा: आणखी साडेतीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही. स्वस्त वाटणारं नवं घर आणि दहा वर्षं जुनं रीसेलचं घर यांची तुलना या ओळीपाशी बऱ्याचदा उलटते.

आता मुख्य हिशेब. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर दर १० लाख कर्जाला महिन्याचा हप्ता साधारण ८,६८० रुपये. जवळच्या उपनगरातलं घर १५ लाखांनी महाग असेल आणि तेवढं कर्ज जास्त काढायचं असेल, तर हप्ता वाढतो सुमारे १३ हजारांनी. त्या घरामुळे दोघांचा रोजचा एकेक तास वाचत असेल, तर महिन्याच्या २४ दिवसांत ४८ तास. १३ हजार भागिले ४८, तासाला साधारण २७० रुपये.

घरी पोचून मुलाचा गृहपाठ घेण्याचा, किंवा नुसतं पाय पसरून बसण्याचा एक तास २७० रुपयांना घ्याल का? काहींचं उत्तर हो असेल, काहींचं नाही, आणि दोन्ही बरोबर. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने हा भागाकार करून मुद्दाम लांबचं घर घेतलं, कारण त्यातला एक जण आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. त्यांचा तास ५०० रुपयांच्या वर जात होता.

लांबच्या घराच्या बाजूला शेअर रिक्षा, स्टेशनजवळच्या स्टँडवर बाइक ठेवण्याचे पैसे आणि पाळणाघराचे जास्तीचे तासही लिहा. रेल्वेचा पास या सगळ्यांत सर्वात स्वस्त, म्हणूनच तो आपल्याला फसवतो.

४. खऱ्या वेळेला, खऱ्या वाराला जाऊन या

मंगळवार किंवा बुधवार निवडा. पहाटे त्या भागात पोचा, इमारतीच्या फाटकापाशी उभे राहा आणि तुम्ही रोज निघाल त्याच वेळेला निघा. मोबाइलवर वेळ लावून ऑफिसच्या टेबलापर्यंत. संध्याकाळी तसंच परत. टाळू नका ते हेच: परतीचा प्रवास. सकाळी माणूस ताजा असतो; संध्याकाळी साडेसातला दादरच्या फलाटावर दोन फास्ट सोडून तिसरीत घुसावं लागतं तेव्हा घराची किंमत कळते.

बायकोच्या वतीने नवऱ्याने ही फेरी मारून उपयोग नाही. जनरल डब्याची गर्दी वेगळी, लेडीज डब्याची वेगळी. आमच्या बाबतीत मी म्हणालो होतो, “जमेल.” ती कुर्ल्याला ओढणी सोडवत उतरली आणि म्हणाली, “तुला जमेल.”

रात्री नऊला स्टेशनबाहेर थांबा. शेअर रिक्षाची रांग किती, मीटरने कोण नेतं, इमारतीकडच्या रस्त्यावर दिवे आहेत का. पावसाळ्यात जमलं तर आणखी एक चक्कर. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, ती उल्हास नदीच्या पट्ट्यात. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो हाताने भिंतीवर उंची दाखवतो.

५. पाणी, शाळा, कागद

पाण्याचं एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा: आठवड्याला टँकर किती? मग सोसायटीच्या मेंटेनन्सची एप्रिल-मेची पावती मागा. टँकरचा खर्च तिथे दिसतो.

शाळेचं प्रवेशाचं वेळापत्रक घराच्या ताब्याच्या तारखेला जुळत नाही, हे गृहीत धरा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळा आधी बघा, अंतराला तिथे महत्त्व आहे.

कागदांत एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. महारेरा, म्हणजे राज्याचं बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण, त्याचा नोंदणी क्रमांक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. आत राहणाऱ्यांकडे करारनामे होते, अनेकांकडे बँकेचं कर्जही होतं. त्यामुळे परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि खरा आहे का ते विचारा. अर्धा दिवस मोडतो, मोडू द्या.

६. येणाऱ्या मेट्रोचे पैसे आज देऊ नका

ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. ‘मेट्रो येतेय’ म्हणून तेव्हा कल्याणला घर घेतलेल्यांनी पुढची कितीतरी वर्षं बस, रिक्षा आणि लोकलवरच काढली. उरणच्या लाइनीवर गाडी खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ ला पोचली, उरणला जानेवारी २०२४ मध्ये. एकच लाइन, पण अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांत पाच वर्षांचं अंतर. आज धावणाऱ्या गाडीवर तुमचा दिवस बसत असेल तरच घर घ्या. उद्या मेट्रो आली तर आनंदच आहे.

७. आधी भाड्याने राहा

शक्य असेल तर त्याच स्टेशनच्या त्याच बाजूला अकरा महिने भाड्याने राहून बघा. डिपॉझिट परत मिळतं. दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च जातो. पण वीस वर्षांच्या हप्त्यापुढे तो काहीच नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी करूनच घ्या. एक पावसाळा, एक परीक्षांचा हंगाम आणि एक मेगाब्लॉकचा रविवार पाहुण्यांसकट निभावला की घर कुठल्या गल्लीत हवं ते एजंटपेक्षा तुम्हालाच जास्त कळतं.

आणि राहायला गेल्यावर पहिला पास एका महिन्याचाच काढा, तिमाही नको. पहिल्या महिन्यात ठरलेली गाडी बदलते, डबा बदलतो, कधी उतरायचं स्टेशनही बदलतं. आमच्या घरी तीनदा बदललं. आता ती ८:०४ ची पकडते, मी ८:१९ ची, आणि चाव्या वॉचमनकडे असतात.