घराजवळचं एक झाड ठरवून घ्या

डोळे मिटून बसलं की माझं मन जास्तच भटकतं. झाडाखाली उघड्या डोळ्यांनी बसल्यावर मात्र ते थाऱ्यावर येतं, म्हणून हे मनापासून सांगते.

रोज चालत जाता येईल असं एकच झाड निवडा. पिंपळ, कडुलिंब, बहावा, अगदी सोसायटीच्या कुंपणापाशी उभा असलेला शेवगाही चालेल. फोन घरी ठेवून सकाळी दहा मिनिटं तिथे बसा. आधी नुसतं बघा: पालवी फुटली का, कळ्या आल्या का, फांदीवर कोण येऊन बसतंय. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लगडतो, पण त्याआधीची त्याची पानगळ आपल्या लक्षातच येत नाही. मग वहीत दोन ओळी लिहा. काल मन कशाने खट्टू झालं? कुणाशी बोलायचं राहिलंय? झाडाची नोंदही त्याच पानावर, तारीख घालून.

उठताना झाडासाठी एक काम करा. बुंध्याभोवती सिमेंट असेल तर सोसायटीला सांगून आळं मोकळं करून घ्या. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागतं. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डासांची पैदास होते.

आठवड्याच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या देशभर चालणाऱ्या झाडांच्या निरीक्षण प्रकल्पाला पाठवता येतात. पानं, फुलं, फळं किती आहेत, एवढंच कळवायचं असतं. शाळकरी मुलंही ते हौसेने करतात.