बेगोनियाच्या सहलीला निघताना

बेगोनिया, म्हणजे रंगीत पानाफुलांसाठी कुंडीत लावतात ते झाड, त्याचं वेड असलेल्या आम्हा मंडळींची यंदाची सहल ठरली एकदाची. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन आणि तिथून पुढे सोलापूर रोडने मांजरी, लोणी, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्या आणि पॉलिहाऊस (प्लॅस्टिकच्या कागदाने झाकलेल्या, झाडं वाढवायच्या शेड), सगळं एका दिवसात. १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर सांगितलीय, सहा-सात जण पहिल्यांदाच येतायत आणि प्रत्येकाचा फोन आला की प्रश्न एकच, बरोबर काय काय घ्यायचं. म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकते. तेवढं वाचा म्हणजे त्या दिवशी गाडीत कुणाला काही सांगावं लागणार नाही.

तयारी आदल्या रात्री नाही, निदान पंधरा दिवस आधी सुरू होते आणि ती स्वतःच्या गॅलरीतून. आपल्याकडच्या प्रत्येक बेगोनियाकडे एकदा नीट बघा, पानांची खालची बाजू बघा, कुठे काय बिनसलंय त्याचे फोटो काढून ठेवा. फोटो दोन हवेत, एक पानाचा जवळून आणि एक कुंडी जिथे ठेवलीय त्या जागेचा, दुपारी बाराच्या सुमाराचा, म्हणजे ऊन किती येतंय ते दिसतं. नर्सरीवाल्या दादांना नुसतं "माझ्या बेगोनियाची पानं गळतायत" म्हटलं तर ते बिचारे काय सांगणार, पण जागेचा फोटो दाखवला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. पाणी कुठलं घालता तेही आठवून ठेवा, महापालिकेचं की टँकरचं की बोअरचं, कारण बोअरच्या जड पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात आणि आपण मात्र ऊन लागलं ऊन लागलं म्हणून कुंडी इकडून तिकडे हलवत बसतो.

आता संक्रांतीच्या वाणाचं. ही पद्धत आमच्यात तीन-चार वर्षांपूर्वी एका काकूंनी सुरू केली आणि मला ती मनापासून आवडते. प्रदर्शन दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास असतं, म्हणजे संक्रांत होऊन गेलेली असते आणि बहुतेक वेळा रथसप्तमी व्हायची असते, तर हळदीकुंकवाला लुटतो तसं एकेका बेगोनियाचं रोप वाण म्हणून गाडीत एकमेकांना द्यायचं. पुरुष मंडळींनीही द्यायचं, घ्यायचं. केन बेगोनियाची (बांबूसारख्या पेरांच्या उभ्या खोडाचा तो) दोन-तीन पेरांची काडी डिसेंबरच्या सुरुवातीला लावली तर या थंडीतही जानेवारीअखेर बऱ्यापैकी मुळं धरते. मी खालून भोक पाडलेल्या चहाच्या कागदी कपात लावते, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं परलाईट (पांढरे हलके खडे). ज्यांनी लावल्या नाहीत त्यांनी आता घाईने काड्या तोडू नका, ताजी तोडलेली काडी वाण म्हणून देऊ नये असं मला वाटतं, ती जगली नाही तर घेणाऱ्याला चुटपुट लागून राहते. आणि नाव लिहायचंच. नाव माहीत नसेल तर "नाव माहीत नाही" असं लिहा आणि कुणाकडून कधी आलं ते लिहा. कुंडीत खोचायच्या नावाच्या पट्टीवर पेन्सिलने लिहा, मार्कर उन्हाने सहा महिन्यांत पुसट होतो, पेन्सिल टिकते.

ज्यांना प्रदर्शनात आपली कुंडी ठेवायचीय त्यांनी नियमपत्रिका आणून वर्ग, कुंडीचं माप, कुंडी द्यायची वेळ हे नीट वाचून घ्या, तो सगळा वेगळा व्याप आहे, पण एवढं सांगते की कुंडी दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी फिरवत राहा नाहीतर झाड उजेडाकडे एका अंगाला झुकतं, आणि पानं चमकवायचे स्प्रे मारू नका, मऊ ब्रशने धूळ झटका बास. रेक्सच्या, म्हणजे रंगीत नक्षीदार पानांच्या बेगोनियाच्या, पानावर लव असते, चमक त्याची त्यालाच असते.

दिवसाचा क्रम यंदा बदललाय, तो का ते सांगते. मागे एकदा आम्ही सकाळी आधी उरुळीला गेलो, भरपूर खरेदी केली, मग जेवलो आणि मग प्रदर्शनाला आलो. गाडी उन्हात उभी, काचा बंद. मी एक रेक्स घेतला होता, चंदेरी पान, मधोमध वाइन रंगाचा गोल, कडेला हिरवी झालर, इतकं सुंदर पान मी तोवर हातात घेतलं नव्हतं. दोन तासांनी परत आलो तर सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी कुंडीच्या कडेवर पडलेली. जानेवारीतही बंद गाडी तापते, बाहेर गार वारा असला तरी. ते पान अजून डोळ्यासमोर येतं. म्हणून यंदा सकाळी सातला नळ स्टॉप, सव्वासातला स्वारगेट, आधी प्रदर्शन, खरेदी सगळ्यात शेवटी आणि तिथून थेट घर. वाणाचे कप दिवसभर गाडीत असणार, ते खाली सावलीच्या बाजूला ठेवू, काचा थोड्या खाली आणि ड्रायव्हर दादा गाडीपाशीच थांबणार आहेत. प्रदर्शनातल्या स्टॉलवर काही आवडलंच तर तेही त्यांच्याकडेच द्या. आणि आपण मुद्दाम मधला वार धरलाय, २६ तारखेला किंवा रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि कुंडीसमोर दोन मिनिटं शांत उभं राहता येत नाही.

कपड्यांचं साधं आहे. सकाळी थंडी दहा-बारा डिग्री आणि दुपारी तीसच्या आसपास, पॉलिहाऊसमध्ये त्याहून जास्त, त्यामुळे आत सुती आणि वर काढता येईल असं स्वेटर. पण पिवळं घालू नका आणि गडद निळंही नको. पॉलिहाऊसमध्ये चिकट सापळे पिवळे-निळे लावतात ते उगीच नाही, पांढरी माशी, मावा पिवळ्यावर येतात, फुलकिडे निळ्यावरही येतात, आणि आपल्या कपड्यांवर बसून एका पॉलिहाऊसमधून दुसऱ्यात जातात. ओढणी बांधून घ्या, पदर खोचून घ्या. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा किंवा पुढे छातीवर घ्या. कुंड्या मांडलेल्या दोन बाकांमधली वाट जेमतेम दीड-दोन फूट असते, आपण वळलो की मागे सॅक लागते आणि केन बेगोनियाची काडी कट् करून मोडते, त्या आवाजाने सगळे एकदम गप्प होतात. दुसऱ्याने वर्ष-दीड वर्ष सांभाळलेलं झाड असतं ते. बूट बंद आणि न घसरणारे, खाली ओलं असतं.

स्वच्छतेबद्दल जरा कडक सांगते, राग मानू नका. दारात पाय बुडवायचं औषधाचं पाणी ठेवलेलं असेल तर उडी मारून पुढे जायचं नाही, बूट बुडवायचे. प्रत्येक ठिकाणी आत जाण्याआधी हात धुवायचे किंवा सॅनिटायझर. पानांना हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच. मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड), भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि जिवाणूजन्य करप्यामुळे अख्खं बाकच्या बाक फेकून द्यावं लागतं लोकांना, आणि हा करपा हातांवरून, कात्रीवरून पसरतो. कुणी प्रेमाने घरी लावायला पान कापून देत असतील तर आपली कात्री स्पिरिटने पुसून मग त्यांच्या हातात द्या. कात्री, स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस हे प्रत्येकाच्या पिशवीत हवंच. न विचारता पान खुडणं ही चोरीच आहे, "एवढंसंच तर घेतलं" म्हणून ती लहान होत नाही.

वही आणा. मोबाईलमध्ये फोटो काढाच पण वही आणा. अमेरिकन बेगोनिया सोसायटी, १९३२ सालची संस्था, तिने बेगोनियाचे आठ गट पाडलेत: केन, झुडपी, जाड खोडाचे, सेम्परफ्लोरेन्स (सतत फुलणारे), ऱ्हायझोमवाले (मातीलगत आडव्या खोडाचे), रेक्स, कंदवाले आणि वेलीसारखे पसरणारे. वहीत आठ पानं आधीच आखून ठेवा आणि जे दिसेल ते त्या त्या पानावर टाका. जगभरात बेगोनियाच्या दोन हजारांवर जाती आहेत आणि संकरित तर मोजायलाच नकोत, नुसतं "छान ठिपके होते" असं लक्षात ठेवून घरी आलात तर हाती काही लागत नाही. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहा, नाव, माती कशाची आणि झाड उभं कुठे होतं. ही तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे विसरतात. शेडनेटच्या, म्हणजे सावलीच्या जाळीच्या, मधोमध होतं की कडेला, खाली बाकाच्या सावलीत होतं की वर टांगलेलं, पंख्याच्या वाऱ्यात होतं की कोपऱ्यात. ते झाड तिथे का खूश आहे हे कळलं तर ते आपल्याकडे जगेल की नाही हे विकत घेण्याआधीच कळतं.

हँडलेन्स असेल तर आणा, दहापट मोठं दाखवणारी पुरते. एका झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात ते बघायला मजा येते, फूल उलटून मागे बघायचं, पाकळ्यांच्या मागे तीन पंखांची छोटी शेंग दिसली की मादी. एका पंखाची लांबी इतर दोघांपेक्षा जास्त असते बऱ्याचदा. बी तर इतकं बारीक की तंबाखूची पूड वाटावी. नवीन लोकांना हे दाखवा, एकदा पाहिलं की बेगोनिया ओळखायला चूक होत नाही. आपल्या सह्याद्रीतला रानबेगोनिया, बेगोनिया क्रेनाटा, मात्र आता दिसणार नाही, तो पावसाळ्यात घाटातल्या ओल्या कातळावर येतो आणि थंडीत खालच्या कंदात जाऊन झोपतो, त्याच्यासाठी ऑगस्टमध्ये ताम्हिणीला जाऊ. पण त्याचं कातळावर उभं राहणं डोक्यात ठेवा, ओल सतत पण पाणी साचत नाही, बेगोनियाला नेमकं तेच हवं असतं.

खरेदीचं. घरून निघताना गॅलरीत किती कुंड्यांना जागा आहे आणि तिथे कसला उजेड येतो ते लिहून आणा आणि त्याच्यापलीकडे जाऊ नका. या दिवसांत भरगच्च गुलाबासारख्या फुलांचे एलाटिओर बेगोनिया सगळीकडे असतात, लाल, केशरी, पिवळे, आणि हात आपोआप तिकडे जातो. त्यांच्या वंशात सोकोत्रा बेटावरचा हिवाळ्यात फुलणारा बेगोनिया आहे, म्हणून ते लहान दिवसांत बहरतात. घ्या, जरूर घ्या, पण पुण्यात ते बहुतेक एप्रिलच्या उन्हात जातात हे माहीत असू द्या आणि अर्ध्या कळ्या मिटलेल्या असतील असंच रोप निवडा. पहिल्या खेपेला येणाऱ्यांनी माझं ऐकाल तर एक केन आणि एक ऱ्हायझोमवाला घ्या, हे दोन आपल्या हवेत तग धरतात. रेक्स मूळचा आसामकडचा, त्याला दमट हवा लागते, आणि आपल्याकडे जानेवारीची रात्र त्याला बोचते, पॉलिहाऊसमध्ये टवटवीत दिसलं तरी गॅलरीत आणल्यावर चार पानं टाकतंच. ज्यांची तयारी आहे त्यांनीच घ्या.

पॅकिंगसाठी रद्दी भरपूर, म्हणजे खरंच भरपूर, निदान पंधरा दिवसांची. भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट मी सहा आणतेय, अजून चार कुणाला मिळाले तर बरं. गाडीतली शेवटची सीट कुंड्यांसाठी मोकळी ठेवायची. कुंडी क्रेटमध्ये ठेवली की मधल्या फटीत कागदाचे बोळे ठासायचे म्हणजे ती लवंडत नाही, मातीवर एक कागद दाबून चिकटपट्टी मारायची, आणि केनला खालून वर कागदाचा कोन गुंडाळायचा, भेळेच्या पुड्यासारखा पण उलट, रुंद तोंड वर. नर्सरीत घेतल्या घेतल्या पाणी घालू नका, ओली कुंडी जड होते आणि गाडीत हिंदकळते. पानं मिळाली तर देठासकट, ओल्या टिश्यूत देठ गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवीत थोडी हवा ठेवून, आणि पिशवीवर नाव त्याच क्षणी. घरी जाऊन लिहू म्हटलं की तीन पिशव्या सारख्याच दिसतात.

बाकी किरकोळ. रोख पैसे सुट्टे आणा, शेताकडे रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि मागे दहा जण खोळंबतात. छोट्या नर्सरीत दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस नको. बाटलीत पाणी, बीपी-शुगरच्या गोळ्या, टोपी. दशम्या आणि चटणी मी आणतेय, मटार करंज्या एका मावशींकडे, जेवायला हॉटेलात थांबणार नाही, झाडाखाली डबे उघडू. तिळगुळाचा एक वेगळा डबा नर्सरीवाल्यांसाठी, ते आपल्याला वेळ देतात, त्यांच्या बायका आत चहा ठेवतात.

शेवटच्या नर्सरीतून चारच्या आत निघायचं म्हणजे निघायचं, नाहीतर हडपसरला गाडीतळाला तासभर अडकतो. जे आधी उतरणार त्यांचे क्रेट दाराकडे.

घरी गेल्यावर नवीन झाडं जुन्यांमध्ये मिसळू नका, निदान तीन आठवडे वेगळी, दर दोन-तीन दिवसांनी पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसतंय का बघा. लगेच कुंडी बदलायची नाही. पॉलिहाऊसच्या दमट हवेतून आपल्या कोरड्या फ्लॅटमध्ये आलंय, तेव्हा एक मोठी पारदर्शक पिशवी वरून घाला आणि रोज थोडी थोडी उघडत दहा-पंधरा दिवसांत काढा. ही वेगळी जागा, म्हणजे स्टूल असेल, बाथरूमची खिडकी असेल, जे काय ते, आदल्या दिवशीच मोकळं करून पुसून ठेवा, रात्री दमून आल्यावर कुंड्या हलवायचं अंगात त्राण नसतं.