पोळी-भाजी केंद्राचे आकडे कसे ठेवावेत

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या अनेकांना दिवसाचा गल्ला तोंडपाठ असतो. मात्र त्यातले पदरात किती पडले, असे विचारले की उत्तर अंदाजाने येते. म्हणून सुरुवातीला चारच आकडे धरावेत: एक किलो पिठात किती पोळ्या झाल्या, दुकान बंद करताना किती उरल्या, एका सिलिंडरमध्ये किती काम झाले आणि उधारी किती दिवसांची आहे.

यांतील पहिला आकडा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. समजा, 10 किलो पिठात साधारण 6 लिटर पाणी घालून 16 किलो कणीक भिजवली. उंडा 40 ग्रॅमचा असेल तर 400 पोळ्या होतात. तोच 45 ग्रॅमचा झाला तर सुमारे 355. पाच ग्रॅमचा हा फरक हाताला जाणवत नाही, पण रोज 45 पोळ्या त्यात जातात. यासाठी लहान काटा परातीशेजारीच ठेवावा, सकाळी आणि दुपारी कोणतेही दहा उंडे एकत्र तोलावेत आणि वजन तिथेच वहीत लिहावे. रात्री आठवून लिहिलेला आकडा धरू नये.

उरलेल्या पोळ्यांची तुलना आदल्या दिवसाशी न करता मागच्या आठवड्यातील त्याच वाराशी करावी. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार अशा दिवशी मागणी घटते, त्यामुळे वहीत तारखेशेजारी उपवासाची खूण केली नाही, तर महिनाअखेरीस ती घट विनाकारण चिंतेत टाकते. वर्षभराच्या अशा खुणा हाताशी असल्या की, किती पीठ भिजवायचे हे आदल्या रात्रीच ठरवता येते.

19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर तो लावल्याची तारीख खडूने लिहावी. नुसते दिवस मोजल्यास फसगत होते, कारण काम कमी-जास्त असते. त्या काळात किती पोळ्या भाजल्या, हेही पाहावे. कामाच्या मानाने गॅस लवकर संपू लागला, तर शेगडी, नळी आणि रेग्युलेटर तपासून घ्यावेत.

उधारीची यादी नावांनुसार न करता दिवसांनुसार करावी: 15 दिवसांच्या आतली, 45 दिवसांपर्यंतची आणि त्यापुढची. कंपन्यांना डबे पुरवत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, अवश्य करून घ्यावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत 45 दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही आणि करार नसल्यास ती 15 दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. रोजच्या ग्राहकांच्या उधारीला मात्र वेळेवर केलेली आठवणच उपयोगी पडते.

गल्ल्यातून घरखर्चासाठी घेतलेली उचलही त्याच रात्री रोजमेळात लिहावी, मग ती पन्नास रुपयांची का असेना.

दर सोमवारी ही वही पोळ्या लाटणाऱ्या ताईंसमोर उघडावी. उंड्याचे वजन वाढले म्हणून मजुरी कापू नये. तसे एकदा केले की तोलण्यापुरते उंडे बरोबर येतात आणि बाकीच्यांचे वजन तुम्हाला कधीच कळत नाही.