नाशिकहून बोर्डीच्या समुद्रावर: मुलाबाळांसह एक दिवस कसा घालवावा

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडची भाचरे नाशिकला आली की दोन दिवस पंचवटी, सोमेश्वर आणि पांडवलेणी पाहण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी समुद्राचे नाव काढतेच. एका दिवसात जाऊन येण्यासाठी डहाणूजवळचा बोर्डीचा किनारा नाशिककरांना सोयीचा आहे. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार आणि चारोटी असा रस्ता असून अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटर भरते. घाटामुळे चार तास धरावेत. बहुतेक घरांत आधी निघण्याची वेळ ठरते आणि समुद्र त्या वेळी कोणत्या अवस्थेत असेल याचा विचारही होत नाही. माझ्या मते सगळा दिवस बिघडतो तो येथेच. आधी भरती-ओहोटी पाहावी आणि मग गाडीची, जेवणाची, पाण्यात उतरण्याची वेळ ठरवावी.

तिथीवरून दिवस निवडावा

किनाऱ्यावरची माणसे एक जुना हिशोब वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला हाच हिशोब सव्वाअकरा दाखवतो, म्हणजे ऐन दुपारी पाणी चढलेले असते. या हिशोबात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीचा तक्ताही पाहून घ्यावा.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येत असल्यामुळे त्यांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या आसपास ही ओढ विभागली जाते आणि पाणी फारसे चढत नाही, फारसे उतरतही नाही. याला भांग म्हणतात. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर भांगाचे दिवस उत्तम. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला असते, त्यानंतर सहाव्या दिवसाच्या सुमारास अष्टमी येते आणि शाळेची सुट्टीही बहुधा शिल्लक असते. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, समुद्र खवळलेला असतो. तेव्हा मुलांना पाण्यात नेऊ नये.

आदल्या रात्रीची तयारी

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि येथील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. किनाऱ्यावर तो वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि मुले खेळता खेळता एकदम मलूल होतात. माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी घ्यावे आणि ओआरएसची पाकिटे ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, मिसळावे. पाय आणि अंग धुण्यासाठी गोड्या पाण्याचा एक कॅन वेगळा न्यावा. पाच लिटरचे दोन रिकामे, झाकण घट्ट बसणारे कॅन आणि दहा-पंधरा मीटर सुती दोर गाडीत टाकावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

खाण्यासाठी दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी टिकते. फराळाचा चिवडा मात्र डब्याचे झाकण उघडल्यावर त्या दमट हवेत लवकर सादळतो, म्हणून तो रस्त्यातच संपवावा. दुपारच्या जेवणासाठी बोर्डीतल्या घरगुती खानावळीला आदल्या दिवशी फोन करून माणसांची संख्या आणि शाकाहारी किती हे सांगून ठेवावे.

पहाटे पाचला निघावे

त्र्यंबकेश्वरनंतरचा घाट वळणावळणाचा आहे. मुलांना रिकाम्या पोटी बसवू नये आणि भरपेटही खाऊ घालू नये. एक-दोन बिस्किटे पुरतात. जव्हारला थांबून चहा-नाश्ता करावा. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की हवेतला ओलावा जाणवू लागतो, आणि डहाणूच्या पुढे चिकूच्या वाड्या सुरू होतात. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर बंधने घातली. ही वाड्यांची हिरवाई टिकून राहण्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते. घोलवडचा चिकू परतीच्या वाटेवर घ्यावा, सकाळी घेतला तर गाडीच्या उन्हात तो मऊ पडतो.

गाडी सुरूच्या बनाजवळ कडक जमिनीवर लावावी. ओली वाळू भक्कम दिसते, पण चाक एकदा रुतले आणि भरती सुरू झाली की गाडी काढणे कठीण होते.

पाण्यात उतरताना

अष्टमीच्या दिवशी साडेनऊला पोहोचल्यास पाणी उतरत असते. ही वेळ पोहण्याची नाही, वाळूत खेळण्याची आहे. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी फार दूर जाते, आणि ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. मुलांना ती जरूर दाखवावी. अकरा ते तीन मात्र सुरूच्या सावलीत काढावेत. उन्हापासून बचावाचे क्रीम उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी आणि नंतर दर दोन तासांनी लावावे. लांब बाह्यांचा सुती सदरा त्याहूनही खात्रीचा.

तीननंतर, पाणी चढत असताना, आंघोळीला उतरावे. येथे मला कळकळीने सांगायचे आहे. गोदावरीत पोहायला शिकलेल्या मुलांना समुद्र सोपा वाटतो, परंतु नदीची ओढ एकाच दिशेला असते आणि समुद्र दर लाटेला पुढे ढकलून मागे ओढतो. परतणाऱ्या लाटेत उभे राहिले की टाचांखालची वाळू सरकते, पाय घोट्यापर्यंत रुततात आणि लहान मूल पाठीवर पडते. मुलांनी गुडघ्यापर्यंत आणि मोठ्यांनी कमरेपर्यंतच्याच पाण्यात जावे. दोन मुलांमागे एक मोठा माणूस, हातात मोबाइल न घेता, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने लक्ष ठेवील असे आधीच ठरवावे.

सपाट किनाऱ्यावर आणखी एक धोका असतो आणि तो आम्ही स्वतः अनुभवला आहे. ओहोटीत आम्ही बरेच आत चालत गेलो होतो. परत वळलो तेव्हा समोरचे पाणी अजून दूर होते, पण आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये असलेला वाळूतला चर भरून गेला होता आणि भाच्याला खांद्यावर घेऊन मांडीभर पाण्यातून यावे लागले. चर ओलांडला असेल तर ओहोटी संपण्यापूर्वीच मागे फिरावे.

दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसला तर तेथे उतरू नये. बाहेर ओढणारा प्रवाह बहुधा तेथेच असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून हाक मारावी आणि किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर यावे. दुसरे कोणी सापडले तर भावनेच्या भरात उडी मारू नये. दोर बांधलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा, कोळी बांधवांना हाक द्यावी आणि 112 वर फोन करावा. जेलीफिश डसल्यास ती जागा वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत आणि आग वाढली किंवा धाप लागली तर तडक दवाखाना गाठावा.

परत निघताना

साडेचारला पाण्याबाहेर येऊन पाचला गाडी सुरू करावी, म्हणजे निदान चारोटीपर्यंत उजेड मिळतो. सूर्यास्त पाहायचाच असेल तर मुक्काम करावा. दमलेल्या चालकाने रात्री घाट चढू नये. अंगावरची वाळू आधी वाळू द्यावी आणि मग टाल्कम पावडर लावून कोरड्या पंच्याने झटकावी. ती सहज निघते. मुलांच्या खिशातले शंख निघण्यापूर्वी तळहातावर ठेवून दोन मिनिटे स्वस्थ पाहावे. आत खेकडा असेल तर आधी दोन बारीक पाय बाहेर येतात. तो शंख मुलाच्याच हाताने पाण्याच्या कडेला परत ठेववावा.