नागपुरात फ्लाय फिशिंग सुरू करायचंय? आधी लाईन तोला, मग रॉडचं बोला

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं-धाग्याचं हलकं खोटं भक्ष्य, म्हणजे फ्लाय, जाड दोरीच्या, म्हणजे लाईनच्या वजनानं फेकून मासा धरायचा. कोणी नवीन पोरगा फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, रील कोणती घेऊ?" रीलचं सगळ्यात शेवटी पाहू भाऊ. व्हिडिओत चकाकणारी रील दिसते म्हणून लोक अर्धा पैसा तिथंच घालतात, मग लाईन मिळेल ती स्वस्तातली घेतात आणि दोन महिन्यात रॉड माळ्यावर जातो. असे तीन रॉड मी स्वतः सेकंडहँड विकून दिलेत, तिन्ही चांगले होते, तिन्हींवर लाईन चुकीची होती.

मी हे कन्हान नदीवर, पारशिवनीकडच्या ओढ्यांवर आणि परवानगी मिळेल त्या तलावांवर करत आलोय, म्हणून सांगतोय ते इथल्या पाण्याचं, इथल्या उन्हाचं आणि इथल्या खिशाचं. आपल्याकडे थंड पाण्यातला ट्राऊट मासा नाही. आपल्याकडे चिलापी आहे, मरळ आहे, वाहत्या पाण्यात छोटी चांदीसारखी मासळी आहे, नशीब असेल तर महाशीरचं पिल्लू. त्यांच्या हिशेबानं सामान घ्यायचं, परदेशी लिस्ट पाहून नाही.

रॉड

९ फूट, ६ नंबर (नंबरचा अर्थ पुढे लाईनमध्ये सांगतो), चार तुकड्यांचा, कार्बनचा. बस. बाहेरचे लोक ५ नंबर सांगतात, तो थंड पाण्यातल्या बारीक फ्लायसाठी बरोबर आहे, पण आपल्याकडे नदीवर दहा वाजले की वारा सुटतो आणि मरळीसाठी फोमचा जाडा फ्लाय फेकावा लागतो, तिथं ५ नंबर दमतो. ८ नंबर घेऊ नका, दिवसभरात खांदा जातो आणि पाव किलोची चिलापी लागलेली हाताला कळतसुद्धा नाही. चार तुकड्यांचा यासाठी की एक तुकडा साधारण ७० सेंटीमीटरचा होतो, पाठीवर अडकवून गाडीवर नेता येतो.

रॉडवर "फास्ट" लिहिलं असेल तर नवशिक्यानं सोडून द्यावा, "मीडियम फास्ट" घ्यावा, तो वाकतो आणि वाकलेला हाताला कळतो. दुकानात तुकडे जोडून सांधे हलतात का पाहा, लाईन ज्यातून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत येतात का पाहा. आणि घरात कधीच जोडू नका. आपल्याकडे बारा महिने पंखा डोक्यावर असतो, ९ फुटाचं टोक पंख्यात गेलं की त्या रॉडची सरपणाइतकीसुद्धा किंमत राहत नाही.

लाईन, इथं नीट थांबून वाचा

साध्या फिशिंगमध्ये गळाला शिसं किंवा जड ल्युअर (खोटा मासा) असतो, तो वजनानं पुढे जातो आणि मागे दोरी ओढून नेतो. फ्लायला वजनच नाही, पिसं आणि धागा, चिमटीत धरलं तर काही धरलंय असं वाटत नाही. म्हणून इथं वजन लाईनचं असतं. लाईन जाते, फ्लाय तिच्या मागे जातो. पोळ्याच्या आधी बैलवाल्यांना आसूड वाजवताना पाहिलं असेल, टोकाला काही बांधलेलं नसतं तरी टोक किती लांब जातं, तोच प्रकार. आणि रॉड हा त्या वजनानं वाकायला बनवलेला असतो. रॉडवरचा ६ म्हणजे ६ नंबरच्या लाईनचं वजन हवेत असताना हा रॉड बरोबर वाकेल, एवढाच त्याचा अर्थ. लाईन हलकी पडली तर रॉड वाकत नाही, रॉड वाकला नाही तर फेकत नाही, मग माणूस हातानं जोर लावतो आणि जोर लावला की लाईन पायाशी गोळा होते.

मी पहिला कॉम्बो ऑनलाइन घेतला होता, दुकानाचं नाव सांगत नाही. रॉड, रील, लाईन, सगळं एकत्र, रॉडवर ५/६ लिहिलेलं, लाईनच्या चकतीवर मात्र काहीच नाही, नुसता पिवळा रंग. दोन महिने रोज सकाळी मैदानावर गेलो. वीस फुटापलीकडे लाईन जाईना. मनगट चुकतंय म्हणून मनगटाला रॉडशी पट्टा बांधला, व्हिडिओ पाहिले, मग रॉडच खराब आहे असं ठरवून दुसरा रॉड घेतला, ते साडेतीन हजार गेले ते गेलेच. दुसऱ्या रॉडवरही तेच. कन्हानच्या काठावर जाळं निवडत बसलेले एक ढिवर काका माझ्याकडे बराच वेळ पाहत होते, शेवटी म्हणाले, "दोरीत वजनच नाही दिसून राहिलं बापू, काहून हाताले तरास देतं?" ज्या माणसानं आयुष्यभर जाळं फेकलं त्याला ते लांबून दिसलं आणि मला दोन महिने हातात धरून कळलं नव्हतं.

मग ती लाईन मी इतवारीत एका ओळखीच्या सोनाराकडे नेली. फ्लाय लाईनचं माप असं आहे की पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे ९.१४ मीटरचं वजन ठरलेलं असतं आणि त्यावरून नंबर पडतो. ते मोजतात ग्रेनमध्ये, ५ नंबरला १४०, ६ ला १६०, ७ ला १८५, ८ ला २१०. आपल्या ग्राममध्ये सांगायचं तर ५ म्हणजे ९.१, ६ म्हणजे १०.४, ७ म्हणजे १२ आणि ८ म्हणजे १३.६. सोनारानं वाटीत गुंडाळी ठेवली, काट्यावर आकडा आला ७.६. म्हणजे जेमतेम ४ नंबरची लाईन मी ६ च्या रॉडवर दोन महिने झुलवत होतो. नवीन लाईन आली ती १०.७ भरली, आणि त्याच जुन्या, मी खराब ठरवलेल्या रॉडवर पहिल्याच संध्याकाळी चाळीस फूट गेली. हातात काहीही बदल नव्हता.

म्हणून कोणी काहीही सांगो, लाईन घेतली की तोला. तोलायची रीत अशी. टोकाचा जो अगदी सरळ, एकसारखा बारीक भाग असतो, साधारण वीतभर, तो सोडा. तिथून ९.१४ मीटर टेपनं मोजून खूण करा. काट्यावर हलकी वाटी ठेवून आकडा शून्य करा, खुणेपर्यंतची लाईन सैल वेटोळी करून वाटीत ठेवा, आणि उरलेली लाईन काट्याच्या बाजूला तेवढ्याच उंचीच्या डब्यावर ठेवा, लोंबकळू देऊ नका, लोंबकळली की आकडा खोटा येतो. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, तो एकेक ग्रामनं सरकतो आणि ५ व ६ मध्ये फरकच सव्वा ग्रामचा आहे. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन काही शे रुपयात मिळतो, नाहीतर सोनार आहेच. अर्धा ग्राम इकडेतिकडे चालतं. आजकाल बऱ्याच कंपन्या मुद्दाम थोडी जड लाईन बनवतात, ६ ची ११ भरली तर घाबरू नका, नवशिक्याला उलट सोपं जातं. पण ९ च्या खाली भरली तर परत पाठवा, त्याच दिवशी.

आता घ्यायची कोणती. खोक्यावर डब्ल्यूएफ-६-एफ लिहिलेलं पाहा, म्हणजे पुढे जाड असलेली, ६ नंबरची, तरंगणारी. बुडणारी लाईन पहिल्या वर्षी नको. ही लाईन दोन तोंडांची नसते हे लक्षात ठेवा, जाड भाग पाण्याकडे आणि बारीक लांब भाग रीलकडे. उलटी भरलेली लाईन मी दोनदा लोकांच्या रीलवर पाहिली, दोघंही बिचारे रॉडला दोष देत होते.

दुसरं, आणि हे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांना गरज नाही, थंड पाण्यासाठीची लाईन आपल्याकडे चालत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, थंडवाली लाईन त्यात शेवईसारखी मऊ होते, कड्यांना चिकटते, पुढे सरकतच नाही. खोक्यावर "ट्रॉपिकल" किंवा "वॉर्मवॉटर" असलेलीच घ्या. ती डिसेंबरच्या सकाळी थोडी वेटोळी धरते, हातानं ताणली की सरळ होते. डास मारायचं मलम लावलेल्या हातानं लाईनला शिवू नका, त्यातल्या औषधानं वरचं प्लॅस्टिक खराब होतं. आणि उन्हात कारच्या डिक्कीत ठेवू नका, एका दुपारीत लाईन गेलेली मी पाहिलीये.

बजेट नऊ हजार असेल तर माझी वाटणी अशी: चार रॉडला, अडीच लाईनला, दीड रीलला, उरलेलं लीडर (लाईन आणि फ्लायमधला बारीक तुकडा), फ्लाय आणि चष्म्याला. दर वरखाली होतात पण प्रमाण हेच ठेवा. पैसे कमी पडले तर रीलमधून काढा, रॉडमधून काढा, लाईनमधून काढू नका.

रील

५/६ किंवा ७/८ मापाची, ॲल्युमिनियमची, साधी. किलोच्या आतला मासा आपण हातानं लाईन ओढूनच आणतो, रील ही पतंगवाल्याची चक्री आहे, दोरी गुंडाळून ठेवायला.

बॅकिंग

बॅकिंग म्हणजे रीलवर लाईनच्या आधी भरायची बारीक दोरी. २० पाउंड ताण सोसणारा डॅक्रॉनचा धागा, पन्नास मीटर. मांजा भरू नका, घरात पडलेला असला तरी, तो बोट आणि लाईन दोन्ही कापतो.

लीडर

तयार घेतला तर ९ फुटी ३ एक्स (एक्स हा टोकाच्या जाडीचा नंबर). पण एक लीडर घरी बनवायला शिका, पैसे वाचतात. नायलॉन मिलिमीटरवर मिळतं, ०.५० चं साडेचार फूट, त्याला ०.३५ चं दोन फूट, त्याला ०.२५ चं अडीच फूट, मध्ये सर्जन नॉट (दोन दोऱ्या जोडायची गाठ), नॉट ओला करूनच ओढायचा. मरळीला दात असतात, तिच्यासाठी शेवटचा तुकडाही ०.३५ चाच ठेवा.

फ्लाय

पन्नास फ्लायचा डबा घेऊ नका, त्यातले पंचेचाळीस इथं कधीच पाण्यात जाणार नाहीत. वूली बगर नावाचा फ्लाय काळा आणि ऑलिव्ह ८ नंबरच्या गळावर, हेअर्स इअर निम्फ नावाचा १२ नंबरवर, आणि मरळीसाठी फोमचा पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारा फ्लाय). झालं. पॉपर मी जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून करतो, पिसं कोंबडीवाल्याकडची गरम पाण्यात साबणानं धुतलेली, आणि चमक पाहिजे तर गांधीबागेतून जरीचा धागा, दहा रुपयात वर्षभर पुरतो. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा सोडायला सोपं, आणि स्वतःच्या कानात गेला तर काढायला सोपं.

चष्मा, बूट

पोलराइज्ड चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय एक कास्टसुद्धा (लाईन फेकणं) नाही. वाऱ्यानं फ्लाय तोंडावर येतो, डोळा एकच वेळ जातो. वेडर (पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ पँट) नको, आपलं पाणी थंड नाही, जुनी पँट आणि जाड तळाचे बूट घाला कारण घाटाजवळ काच असते. आणि कन्हानमध्ये उतरायचं तर काठीनं पुढची जमीन चाचपतच उतरा. रेती उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाण्यात जातं. ओळख नसलेल्या जागी मी उतरतच नाही, काठावरूनच टाकतो.

कुठे, कधी

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत रॉड घेऊन जायचं नाही, विषय संपला. तलाव आणि धरणं बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात, तिथं आधी संस्थेच्या माणसाला भेटा, त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. मासा सोडून देतो म्हटलं तर बरेचदा हो म्हणतात आणि कुठं पाणी खोल आहे तेही सांगतात. पावसाळ्यात नदी गढूळ असते आणि मासे अंड्यावर असतात, तेव्हा नकोच, दिवाळीनंतर पाणी निवळलं की फेब्रुवारीपर्यंत उत्तम, सकाळी सहा ते नऊ. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर त्याच्याखाली मरळ राखण करत असते, तिला हात लावू नका, ती गेली की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. महाशीर लागला तर पाण्यातल्या पाण्यातच सोडा.

पहिला महिना

नदीवर जाऊच नका. कस्तुरचंद पार्कसारखं मोकळं गवताचं मैदान शोधा, डांबर किंवा फरशीवर लाईन घासून फाटते. फ्लायऐवजी लोकरीचा लाल गोंडा बांधा. रॉडच्या टोकातून ३० फूट लाईन बाहेर काढा, त्याच्याहून जास्त नको, कारण वजन तेवढ्याचंच मोजलेलं आहे आणि रॉड तेवढ्यावरच नीट वाकतो. मागे फेकली की थांबा, मान वळवून पाहा, लाईन मागे पूर्ण सरळ झाली की मगच पुढे. लवकर पुढे आणली तर आसुडासारखा फटका वाजतो, नदीवर असा फटका वाजला तर फ्लाय तुटून गेला समजा. रोज वीस मिनिटं पुरे. घरी आल्यावर लाईन ओल्या फडक्यातून ओढून घ्या, मैदानाची धूळ निघाली पाहिजे, मग सैल गुंडाळा.